मुंग्या न लागलेला डाग

१

सोमवार, १८ एप्रिल १९९४. सकाळपासून ऊन रणरणत होतं. चारच्या सुमारास आभाळ भरून आलं, वारा सुटला, धूळ उडाली, आणि एक थेंबही न पडता पुन्हा लख्ख ऊन पडलं.

कुकटपल्लीच्या त्या नव्या घराच्या स्वयंपाकघरात चारुलता रक्त ढवळत होती. साखरेचा एकतारी पाक, त्यात मैद्याची पातळ पेज, मिठाईवाल्याकडचा लाल रंग आणि जरा गडद दिसावं म्हणून चमचाभर कॉफी. पळी उचलून तिनं धार बघितली.

"अजून दाट पाहिजे, बाई," दारात उभे असलेले मेकअपवाले केशवराव म्हणाले. "गळ्यातलं रक्त पाण्यासारखं पळालं की पब्लिक हसतं."

"हसू द्या की. हसायलाच येतात लोक."

"हौ, पण आपण म्हणू तेव्हा हसायचं. त्याच्या आधी नक्को."

घर तिच्या भावाचं, प्रतापरावचं. प्लास्टर वाळलं होतं, रंग द्यायचा राहिला होता आणि अक्षय तृतीयेला शहरातल्या नल्लकुंट्याच्या जुन्या घरातून इथं राहायला यायचं ठरलं होतं. तोवर भिंतींवर काय वाटेल ते उडालं तरी चालणार होतं, म्हणून भुताचा पिक्चर काढणाऱ्या एका छोट्या तेलुगू कंपनीला ते मिळालं. केशवराव नल्लकुंट्यातले जुने शेजारी. कंपनीचा रक्त करणारा माणूस ऐनवेळी दुसऱ्या पिक्चरला पळाला, तेव्हा त्यांना चारुलताच्या हातचा पाक आठवला. तिचं वय एकेचाळीस. घराबाहेरचं काम तिनं आयुष्यात पहिल्यांदाच धरलं होतं.

रक्त गोड, तेव्हा मुंग्या आल्याच. पातेलं ती पाणी घातलेल्या परातीत ठेवायची. भिंतीफरशीवरच्या डागांसाठी मात्र तिची रीत वेगळी होती. मुंग्यांचा खडू ओढायला तिचा हात होईना. उदगीरकडच्या शेतातल्या घरी तिची आई वारुळांवर साखर घालायची. म्हणून संध्याकाळी काम संपलं की ती डाग तसेच सोडून द्यायची. रात्रीतून मुंग्या साखर खाऊन टाकत, सकाळी फक्त रंगाचं पापुद्र्यासारखं काहीतरी उरे, ते ओल्या फडक्यानं निघून जाई.

"अक्का, तुमच्या या कामगारांना दुपारचं जेवण कंपनीकडून का?" दिलीप विचारायचा.

दिलीप सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात नोकरीला होता. रजा काढून पिक्चरमध्ये मरायला यायचा. तीन वेगवेगळ्या मिशा लावून तो तीनदा मरणार होता आणि त्यातलं शेवटचं मरण सगळ्यात मोठं होतं.

२

चारुलताला असले पिक्चर आवडतात हे घरात कुणाला पटत नसे. खुद्द तिलाही आधी पटलं नव्हतं.

तिचा नवरा शिवराज एका कारखान्यात लोखंडी सांगाड्यांना रंग मारायचा. गंज धरू नये म्हणून मारतात तो लाल रंग. एके दिवशी पत्र्याची कड त्याच्या काखेखाली लागली. तो शेडच्या दारामागे जाऊन भिंतीला टेकून बसला. कितीतरी लोक दारातून आले, गेले. रंगारी माणूस, खाकी कपड्यांवर लाल. कुणी दोनदा बघितलं नाही. जेवणाचा भोंगा झाला तरी तो उठला नाही, तेव्हा एकानं हलवून पाहिलं.

त्यानंतर वर्षभर तिला भिंतींवर डाग दिसत. नल्लकुंट्याच्या घरात ती दिवसभर भिंती धुवायची. घरच्यांना दिसायच्या पांढऱ्याशुभ्र भिंती. मोठे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आणि हळूहळू ते थांबलं.

मग गल्लीत केबल आली. एका दुपारी कुठल्याशा चॅनलवर रक्ताचा पिक्चर लागला. वहिनी डोळे झाकून आत गेली, पोरं किंचाळली. चारुलता मात्र बसून राहिली. भुताच्या पाठीवरची चेन उघडी होती. तोडलेल्या हाताच्या आत भुसा दिसत होता. रक्त इतकं लाल, इतकं खोटं, की तिला हसू फुटलं. किती महिन्यांनी! आतून वहिनी धावत आली, काय झालं म्हणून.

तेव्हापासून तिनं एकही सोडला नाही. प्रतापराव चिडवायचा, "आमच्या चारूला देवळात नेलं तर झोप येते, आणि मुंडकं उडालं की जाग येते."

आता शूटिंगवर आल्यावर तिला त्यातली खरी मजा कळली होती. तिनं ती भावाला सांगितलीही. "दादा, डायरेक्टर कट म्हणाला ना, की मेलेला माणूस उठून बसतो आणि चहा मागतो. मी त्याला चहा देते."

 दुसऱ्या दिवशी बसस्टॉपपर्यंत प्रतापराव स्वतः तिला सोडायला आला.

३

डाग तिला गुरुवारी सकाळी दिसला.

घराची मागची खोली तिची असणार होती. तसं प्रतापरावनं आधीच सांगून टाकलं होतं. परसाकडे खिडकी, शहाबादी फरशी, दुपारनंतर सावली. त्या खोलीत शूटिंग नव्हतंच; कपड्यांच्या पेट्या तेवढ्या ठेवल्या होत्या. फडकं वाळत घालायला ती आत गेली, दार लोटलं, आणि दारामागे भिंतीवर तळहाताएवढं लाल काहीतरी दिसलं. तिथून एक ओघळ फरशीपर्यंत आला होता.

कुणीतरी हात पुसला असेल, तिनं मनाशी म्हटलं. मग तिचं लक्ष मुंग्यांकडे गेलं.

बाहेरच्या हॉलमधून मुंग्यांची रांग उंबरा ओलांडून आत आली होती. भिंतीच्या कडेकडेनं ती डागाच्या दिशेनं चालली होती आणि वीतभर अलीकडे वळली होती. फरशीवर अर्धगोल काढून पलीकडे परत भिंतीला लागली होती. डागाला एकही मुंगी शिवली नव्हती.

चारुलता किती वेळ उभी होती, कोण जाणे. रक्त आपण करतो, तेव्हा त्यात साखर असते. साखर असली की मुंग्या लागतात. म्हणजे हे आपण केलेलं नव्हे. पान खाऊन थुंकलेलं असेल. गवंड्यानं विटेचा चुरा ओला केला असेल. अशी कारणं ती एकामागून एक पुढे करत गेली आणि तिची तीच खोडत गेली.

तिनं डाग पुसला. फडक्यावर आला. वास यायला नको होता, पण आला. ओल्या लोखंडाचा असतो तसा.

शुक्रवारी सकाळी डाग पुन्हा तिथंच होता. आता तो दोन तळहातांएवढा होता.

४

कुणाला सांगायचं?

प्रतापरावला सांगितलं तर तो रागावणार नाही, तेवढं तिला माहीत होतं. तो मऊ आवाजात बोलेल. "चारू, आता घरी चल," म्हणेल. पुन्हा गोळ्या सुरू होतील. हे काम जाईल, ही खोली जाईल, आणि नल्लकुंट्याच्या त्या कोपऱ्यातल्या खाटेवर ती पुन्हा घरच्यांच्या नजरेखाली बसेल. गेल्या चार दिवसांत तिला कुणी 'बिचारी' म्हटलं नव्हतं. ते तिला गमवायचं नव्हतं.

म्हणून तिनं आडून विचारलं. "केशवराव, मागच्या खोलीत कुणी रक्त घेऊन गेलं होतं का?"

"मागच्या खोलीत? कैकू? तिकडं तर लाइटच नाही."

"कुणाला लागलंबिगलं नाही ना?"

"लागलं असतं तर आत्तापर्यंत बोंबलले असते. आपले आर्टिस्ट खोटं मरतात, पण डास चावला तर खरं रडतात."

ती हसली. मग दुपारी सगळे जेवायला अंगणातल्या मांडवाखाली गेले तेव्हा ती वाटीत साखर घेऊन मागच्या खोलीत गेली. डागाच्या अगदी खाली तिनं चिमूटभर साखर ठेवली आणि पेटीवर बसून राहिली. रांगेतली एक मुंगी वळून आली. साखरेपाशी पोहोचायच्या आधी थांबली, मिशा हलवल्या, आणि परत गेली. दुसरी आली. तीही गेली. मग चारुलतानं दार भिंतीकडे ढकलून तो कोपरा झाकला आणि परत पेटीवर बसली.

घर शांत होतं. बाहेरून ताटल्यांचा आवाज आणि दिलीपचं हसणं ऐकू येत होतं. तेवढ्यात, त्या दाराच्या मागून, एक आवाज आला. कपडा भिंतीला घासत खाली सरकावा तसा. सावकाश. मग टाच फरशीवर ओढल्याचा. आणि एक लांब श्वास, दमलेला माणूस टेकला की सोडतो तसा.

ती उठली. दार ओढून पाहायला तीन पावलंसुद्धा लागली नसती. ती उलट्या दिशेनं, खिडकीकडून वळसा घालून बाहेर पडली आणि मांडवाखाली जाऊन सगळ्यांना ताक वाढू लागली. 

५

रविवारी प्रतापराव रंगाचं बघायला आला. बँकेतला माणूस, प्रत्येक भिंतीवर टकटक करून बघायची सवय. डायरेक्टरशी तेलुगूत दोन शब्द बोलला, केशवरावांच्या पाठीवर थाप मारली, आणि मग म्हणाला, "चल, तुझी खोली बघू. कोणता रंग पाहिजे सांग."

 नाही म्हणायला चारुलताकडे कारण नव्हतं.

तो आत आला. खिडकी उघडून बघितली, कडी लावून बघितली. मग दार लोटलं आणि दारामागे वाकला.

"हे काय?"

  त्यानं डागाला बोट लावलं. बोटाच्या टोकाला ओलं लागलं. अंगठ्यावर चोळून, डोळ्यांजवळ नेऊन त्यानं ते पाहिलं.

"रंग आहे," तो म्हणाला. "खिडकीच्या गजांना मारतात तो. सांडला असेल गवंड्यांच्या हातून." खिशातून रुमाल काढून त्यानं बोट पुसलं. "पांढरा मारला की दिसणारसुद्धा नाही. तू ठीक आहेस ना, चारू? घाम का आलाय?"

"गरम होतंय, दादा."

तो गेला. चारुलता पेटीवर बसली. दोन गोष्टी एकदमच तिच्या मनात उतरल्या होत्या आणि त्यांना वेगळं करायला वेळ लागला. पहिली, दादालाही दिसला. म्हणजे डोकं फिरलेलं नाही; हे खरंच इथं आहे. त्या सुटकेनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरी गोष्ट तिला उशिरा कळली. दादानं जो शब्द वापरला, तोच त्या शेडमधल्या लोकांनी मनात वापरला असणार. रंग आहे. आणि पुढे निघून गेले असणार.

तिनं फडकं आणलं, पण डाग पुसला नाही. "मी रोज बघत जाईन," ती हलक्या आवाजात म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी ती आधी तिथं जायची. डाग वाढत होता. सकाळी भीती वाटायची, आणि ती बघायची. एवढंच.

६

शनिवार, ३० एप्रिल. शूटिंगचा शेवटचा दिवस. वारा पडला होता.

दिलीपचं मोठं मरण दुपारी होतं. व्हरांड्यातून खिडकीची काच फोडून तो हॉलमध्ये पडणार, भिंतीला लाल पंजे उमटवत मधोमध येणार आणि कोसळणार. मोठ्या कंपन्यांकडे फोडायची खोटी काच असते. इथं खरीच होती, फक्त आधी तडे देऊन ठेवलेली.

"अक्का, आज कसं मरू? सावकाश का फटकन?" केशवराव त्याच्या शर्टावर पातेलं रिकामं करत असताना त्यानं विचारलं.

"सावकाश मर. चहा टाकतेय."

हॉल माणसांनी गच्च भरला. चारुलता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिथून हॉल दिसायचा आणि डाव्या हाताला मागच्या खोलीचं दार. ते उघडं होतं. बिजागरीकडच्या उभ्या फटीतून दारामागचा कोपरा दिसत होता.

काच फुटली. सगळे हॉलकडे बघत होते. ती मात्र फटीकडे बघत होती, कारण तिथं काहीतरी खाकी होतं.

एक गुडघा. मळकी खाकी पँट, त्यावर लाल. भिंतीला टेकलेला खांदा. मान खाली नव्हती. तोंड हॉलच्या दिशेला वळलेलं होतं, आणि तिला फक्त कान आणि गालाची कड दिसली. तो तिच्याकडे बघत नव्हता. सगळे जिकडे बघत होते तिकडेच तोही बघत होता.

दिलीप भिंतीला धरत आला. मधोमध कोसळायचं सोडून तो तसाच पुढे आला, कॅमेऱ्यातून बाहेर पडला आणि मागच्या खोलीत शिरला. "सुपर!" डायरेक्टर ओरडला. "कट! अरे, बाहेर जाऊन मेला! हेच ठेवू!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. आणि फटीतून चारुलतानं पाहिलं, तो खाकी गुडघा आत ओढला गेला. बसमध्ये बसायला येणाऱ्या माणसाला वाट द्यावी तसा. मग फटीत दिलीपचा शर्ट आला, कपडा भिंतीला घासत खाली सरकल्याचा आवाज झाला आणि टाच फरशीवर ओढली गेली.

तो आवाज तिनं आधी ऐकला होता.

हॉलमधले मेलेले उठले. कुणी मानेवरचं रक्त चाटत होतं, कुणी मुंग्या झटकत होतं. "अम्मा, चाय!" डायरेक्टरनं हाक मारली. ती चहा घेऊन गेली नाही. ती रिकाम्या हातानं मागच्या खोलीत गेली.

दारामागे दिलीप एकटाच बसला होता. डोळे अर्धवट मिटलेले, चेहऱ्यावर हसू. भिंतीवरचा डाग त्याच्या पाठीनं पुरता झाकला होता.

"अक्का, जरा बसतो," तो म्हणाला. "दमलो."

शर्ट पुढून पूर्ण लाल. खोटं कुठलं आणि दुसरं काही आहे का, डोळ्यांना कळायचा मार्गच नव्हता. तिनं खाली बसून मुंग्या पाहिल्या. हॉलमधल्या गोड थेंबांमागून रांग इथवर आली होती. दिलीपच्या उजव्या बाहीवर मुंग्या चढल्या होत्या, छातीवरही चढत होत्या. डाव्या काखेकडे एकही नव्हती. छातीच्या मध्यावर येऊन त्या वळत होत्या.

"केशवराव!" ती ओरडली. "गाडी काढा! काच लागलीय याला!"

केशवराव दारातून डोकावले. "अरे बाई, मीच ओतलंय ते. पातेलंभर. रंग आहे."

"हा रंग नाही!"

असा आवाज तिनं त्या वर्षभरात, भिंती धुताना काढला होता. हॉलमधले सगळे वळले. केशवरावांच्या चेहऱ्यावर तिला ती जुनी, मऊ काळजी दिसली; बिचारी, असं म्हणणारी. तिनं तिकडे पाठ फिरवली. पदर गोळा करून दिलीपच्या काखेत कोंबला, दोन्ही हातांनी जोर लावून दाबला. पदरातून ऊन ओल तिच्या बोटांत आली. पातेल्यातलं रक्त केव्हाच गार झालेलं होतं.

"हात लावून बघा, केशवराव," ती हळूच म्हणाली. "ऊन आहे."

त्यांनी हात लावला. मग ते डायरेक्टरच्या नावानं असे ओरडले की व्हरांड्यातली माणसं धावत आत आली.

गाडीत सगळा वेळ तिनं हात सोडला नाही. दिलीपचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती त्याच्याशी बोलत राहिली: सुलतान बाजारातल्या साड्यांचे भाव, पुढच्या पिक्चरमध्ये कोणती मिशी. तो मधूनमधून हं म्हणत होता. एकदा बराच वेळ म्हणाला नाही, तेव्हा तिनं त्याला नावानं हाक मारली, आणि तो पुन्हा म्हणाला.

७

काच काखेखाली बोटभर आत गेली होती. दिलीपला अकरा टाके पडले आणि दोन बाटल्या रक्त चढवलं. रविवारी सकाळी तो शुद्धीवर आला आणि त्यानं चहा मागितला. चारुलतानं थर्मासमधून दिला.

शुक्रवार, ६ मे रोजी त्याला घरी सोडलं. त्याचा तो शॉट कंपनीनं पिक्चरमध्ये ठेवला.

सोमवार, ९ मे. सकाळी थोडं ढगाळ. रंगारी आले. मागच्या खोलीच्या दारामागची भिंत कोरडी होती. घासायला काही नव्हतं. चारुलतानं खोलीला फिकट पिवळा रंग मागितला.

शुक्रवार, १३ मे, अक्षय तृतीया. ऊन कडक, आभाळ निरभ्र. गृहप्रवेश झाला. चारुलताची खाट मागच्या खोलीत लावली. संध्याकाळी दिवा लावल्यावर तिनं दारामागे फरशीवर चिमूटभर साखर ठेवली.

शनिवार, १४ मे. पहाटे वाऱ्याची झुळूक होती. उंबऱ्यावरून एक रांग सरळ दारामागे गेली होती. साखर संपली होती.